बाटलीतली चिठ्ठी

"एवढ्या घरात एक पेन्सिल नाही," सिड उशीला टेकून म्हणाला. शब्दकोडं त्याच्या पोटावर तसंच पडलं होतं. "तीस वर्षं दूध टाकलं मी. सगळी गल्ली रिकाम्या बाटलीत चिठ्ठी ठेवायची, उद्या किती हवं म्हणून. चिठ्ठी नसायची ती फक्त माझ्याच दारात."

"दूधवाला घरातच होता की. तोंडानं सांगत होते," मेव्हिस म्हणाली.

"तेवढंच सांगायचीस."

मेव्हिस गावाबाहेरच्या सरकारी ऑफिसात आकडे तपासते, यापलीकडे सिडला काही ठाऊक नव्हतं. काम होतं गुप्त लिपीचं. एक असं कुलूप, जे कोणीही लावावं, पण उघडावं एकानंच. सगळी भिस्त भागाकाराच्या बाकीवर. दोन मोठ्या मूळ संख्या गुणायला सोप्या, पण नुसत्या गुणाकारावरून त्या परत शोधायला जन्म पुरत नाही. हुशार लोक युक्त्या काढत आणि मेव्हिस त्यांच्या आकडेमोडीतल्या चुका काढी. कामाचं एक अक्षरही घरी लिहायचं नाही, असा सक्त नियम होता. मोह नको म्हणून तिनं घरात पेन्सिलच येऊ दिली नाही. आकडे मात्र डोक्यात बसून घरी यायचेच. हातातला काटा हातात राही आणि ती समोरच्या बटाट्याकडे बघत भागाकार करत बसे.

"तीस वर्षं मी एकटाच जेवलो, मेव्हिस," सिड म्हणाला. तक्रारीचा सूर नव्हता, म्हणूनच तिला ते जास्त लागलं. माणसानं निदान भांडावं तरी. सिडला भांडणं कधी जमलंच नाही.

तेच गणित बाहेरच्या लोकांनी आपल्या अकलेनं शोधून केव्हाच छापलं होतं, कॉलेजातली मुलं ते परीक्षेसाठी घोकत होती. तरी नवऱ्यापाशी तोंड उघडायला मेव्हिसला परवानगी हवी होती. अर्ज करून पाच आठवडे झाले होते आणि नर्सनं सिडला फार तर दोन दिले होते. तिनं ऑफिसला फोन केला.

"कमिटी गुरुवारी बसते, बाई."

"गेल्या गुरुवारीही बसली होती."

"अध्यक्ष रजेवर होते."

गुप्ततेच्या शपथेवर सही केली होती तिनं, बाविसाव्या वर्षी. सही म्हणजे सही. अशा बाईला कोणी हट्टी म्हणेल. मी तिला दमलेली म्हणेन.

सोमवारी सिडनं दोन चमचे सूप घेतलं आणि वाटी बाजूला सारली. मेव्हिस तिथंच बसून राहिली.

"सिड, तुझ्या क्रेटमध्ये वीस बाटल्या मावायच्या ना?"

"वीस."

"समज, गाडीत सगळे क्रेट भरून वर सात सुट्या उरल्या. मला लांबून त्या सातच दिसतात. एकूण बाटल्या किती, सांगता येईल मला?"

"कशा सांगशील? सत्तावीस असतील, नाहीतर दोनशे सात."

"आणि गाडी ज्यानं भरली, त्याला?"

"त्याला ठाऊकच असणार." त्यानं मान तिच्याकडे वळवली. "जेवताना हेच चालायचं?"

तिनं होकारार्थी मान हलवली. दुधापलीकडे ती एक शब्द बोलली नव्हती.

"बाटल्या मोजायचीस?"

"हो."

"माझ्याच ना?"

"तुझ्याच, सिड."

"मग सांगायचं नाही का," तो म्हणाला आणि डोळे मिटून हसला.

बुधवारी सिड गेला. परवानगीचं पत्र पुढच्या मंगळवारी आलं. 'पतीस कामाचे सर्वसाधारण स्वरूप सांगण्यास हरकत नाही.' मेव्हिसनं ते दोनदा वाचलं, मग शेजारच्या ओल्वेनकडून पेन्सिल मागून आणली. सिडच्या खुर्चीसमोर बसून तिनं पाकिटाच्या पाठीवर लिहिलं: २५३७. त्याखाली, ज्यांचा तो गुणाकार, ते ४३ आणि ५९. पुढं काय लिहावं सुचेना. समोरून कोणी काही विचारतही नव्हतं.

जुन्या सवयीनं तिनं कागद फाडायला घेतला, पण फक्त खालचा कोरा तुकडा फाडला. आकडे टेबलावर तसेच राहू दिले. तुकड्यावर तिनं एक ओळ लिहिली, त्याची सुरळी करून रिकाम्या बाटलीत घातली आणि बाटली दाराबाहेर पायरीवर ठेवली.

उद्यापासून एकच.