तलवारीची मूठ

ब्याण्णव साली गंगाखेडात स्टँडसमोर व्हिडिओ गेमचं दुकान निघालं आणि त्याची भिंत रंगवायचं काम पंडित पेंटरला मिळालं. सूर्यभानचा जळफळाट झाला. दोघं एकाच उस्तादाकडं शिकलेले, पण हात आपलाच वरचढ, असं सूर्यभान मानायचा.

दुकानातल्या एका जपानी गेमवर झुंबड असायची. हातानं रंगवल्यासारखे डोंगर, तलवार घेतलेली एक पोरगी आणि बाईचं रूप घेणारी कोल्हीण. एकेक भूत मारलं की पोरीच्या तलवारीचं बळ वाढायचं. पंडित तेच भिंतीवर उतरवत होता.

सूर्यभान खेळायच्या निमित्तानं चुका हुडकायला जायचा. कोल्हीण झकास उतरलेली बघून त्याला जेवण गोड लागलं नाही. पोरीची मूठ मात्र फसली होती. तिनं तलवार नव्हे, लाटणं धरल्यागत दिसत होतं. सूर्यभानला आतून गुदगुल्या झाल्या.

तेवढ्यात पंडित सगळ्यांदेखत म्हणाला, "सूर्या, ही मूठ काई जमंना बघ. तुझा हात लय साफ हाय. काढून दे की."

सूर्यभानला नाही म्हणवेना. त्यानं मूठ काढली. मालक खूश होऊन म्हणाला, "वा पंडित, आता जान आली!"

"माझी न्हाई, ती सूर्यभानची हाय," पंडित हसून म्हणाला.

लोक वाहवा करू लागले. सूर्यभान ब्रश पुसत राहिला. पंडितच्या जागी आपण असतो, तर दुसऱ्याचं नाव आपल्या तोंडातून निघालं नसतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आता तर त्याला पंडितचा पहिल्याहून जास्त हेवा वाटायला लागला.