दप्तरापुढे झुकलेली हरिणी

टेकडीच्या पायथ्याशी अशी झुंबड उडाली होती, जणू फुकट आइस्क्रीम वाटतायत! आडव्या बांधलेल्या दोरीच्या अलीकडे गवतात निम्मं गाव बसलेलं. पलीकडे पांढऱ्या शालीत हरीणगुरू. (हे नाव मी ठेवलंय. ते स्वतःला ‘केवळ साक्षी’ म्हणवतात.) झाडीतून एक हरिणी आली, थेट त्यांच्या पायांशी थांबली आणि तिने मान झुकवली.

“अहाहा!” दूधवाले काका पुटपुटले.

“गेलेलं माणूस येतं,” गुरू ओल्या आवाजात म्हणाले, “फक्त रूप बदलतं. कंपनं ओळखा, कंपनं!”

बाबा रडत होते. ही हरिणी म्हणजे तुमची बायको, असं गुरूंनी त्यांना सांगितलं होतं. म्हणजे माझी आई. आता नोकरी सोडून ते कायमचे गुरूंकडे राहायला जाणार होते आणि मी वसतिगृहात.

आई गेल्यापासून मी कॅमेरा घेऊन टेकडीवर एकटीच फिरते. प्राण्यांचे फोटो काढताना गप्प राहावं लागतं. घरीही कुणी बोलत नाही, त्यामुळे सराव दांडगा आहे!

दुसऱ्या सकाळी मी मागच्या बाजूने टेकडी चढले आणि लेन्स लावली. दोरीजवळून बघताना हरिणीचं तोंड गवतात लपायचं. इथून लख्ख दिसलं. ती नमनबिमन काही करत नव्हती. चाटत होती! डब्याच्या झाकणाला लागलेलं श्रीखंड आम्ही चाटतो ना, तस्सं.

गर्दी पांगल्यावर मी दोरीखालून सरपटले, चिमूटभर माती जिभेवर ठेवली. थू! खारट. गवत खाणाऱ्या प्राण्यांना मिठाची हाव असते, हे आम्हाला शाळेत शिकवलं होतं. गुरूही ते शिकलेले दिसत होते.

मग मी उतारावर माझं जुनं फाटकं दप्तर ठेवलं आणि रोज संध्याकाळी त्याच्यापुढे भरपूर मिठाचं पाणी ओतू लागले. आठवडाभराने हरिणी झाडीतून आली, गुरूंकडे ढुंकूनही न बघता उतारावर गेली आणि दप्तरापुढे तिने मान झुकवली.

“दप्तर कुणाचं रूप म्हणायचं, गुरू?” मी ओरडले.

लोक फिसकन हसले.

“पोरीने कंपनं बिघडवली!” गुरू गरजले.

“कंपनं नाहीत, मीठ आहे! चाखून बघा.”

“दोरी ओलांडलीत तर अनर्थ होईल!”

बाबा उठले. त्यांनी दोरी ओलांडली. गुरूंच्या पायांजवळची माती चिमटीत घेऊन तोंडात टाकली.

“खारट आहे,” ते म्हणाले. मग दूधवाले काका उठले, मग सगळेच. गुरूंची शाल गवतात राहिली आणि गुरू पार दिसेनासे झाले.

मी जिंकले होते. पण बाबांनी माझ्याकडे बघून हळूच विचारलं, “मग ती आलीच नव्हती का गं?”

“नाही, बाबा.”

मी त्यांच्या ओठाला लागलेली माती पुसली.

म्हणून सांगते, दुःखात कुणी चमत्कार दाखवला तर आधी जवळ जाऊन बघा, हात लावा, विचारा. जो अडवेल त्याच्याकडे उत्तर नसतं. खरं कळल्यावर एकटं वाटतं, मला माहीत आहे. पण खोट्यापायी माझे बाबाही गेले असते.

परवा ते माझ्याबरोबर टेकडीवर आले. सारखे बोलत होते. एकही फोटो धड आला नाही.