परभाषेतलं भांडण

सन एकोणीसशे शहाऐंशी. त्या वर्षी आमचा 'माफक गोंगाट' पहिल्यांदा परदेशी गेला. हे आमच्या वाद्यवृंदाचं नाव. रॉक वाजवायचं, पण लोकांना हसवायचं, असा धंदा. नाव ताईने ठेवलं होतं. ताई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. ती गायची. गिटारवर तिचे यजमान, आमचे भावजी. ड्रमवर टपाल. तो पूर्वी टपालखात्यात शिक्के मारायचा आणि हात तिथेच तयार झाला असं स्वतःच सांगायचा. बेस गिटार वाजवणाऱ्याला सगळे मुका म्हणायचे, कारण तो बोलत नसे. बोलता येत होतं, पण गरज पडली नाही म्हणे.

पाचवी मी. मी सभागृहाच्या मागच्या बाजूला, लोकांमध्ये, मिक्सरपाशी बसून आवाज सांभाळायची. त्याआधी रेडिओवर ध्वनिमुद्रणाची नोकरी केली होती. मिक्सरवर बसते असं सांगितलं की शेजारणी स्वयंपाकघराकडे बघायच्या.

आमच्या कार्यक्रमाचा जीव होता शेवटचं गाणं. गाणं रंगात आलं की भावजींची गिटार वाढत वाढत इतकी मोठी व्हायची की ताईचा आवाज बुडून जायचा. मग ताई हात वर करायची. सगळं बंद. आणि भर रंगमंचावर नवरा-बायकोचं भांडण सुरू.

"अहो, थांबा जरा. मी काहीतरी गात होते."

"हो का? कधीपासून?"

"अकरा वर्षं झाली."

"मला वाटलं जांभया देतेस."

असं चांगलं सात-आठ मिनिटं चालायचं. त्यात टपाल तोंड घालायचा, दोघांच्या शिव्या खायचा. शेवटी भावजी शरमून गिटारचा आवाज कमी करायचे आणि ताई राहिलेलं कडवं म्हणायची. हसून हसून दमलेले लोक ते कडवं इतकं शांत बसून ऐकायचे की मला मिक्सरवर काही करावंच लागत नसे.

आता परदेशात हे भांडण कळणार कुणाला? दौरा ठरवला होता भावजींच्या कॉलेजातल्या मित्राने. काडीसारखा अंगाने, आणि सगळं बांधून ठेवायची सवय, म्हणून त्याला आम्ही सुतळी म्हणायचो. तो म्हणाला, "भांडण गाळा. नुसतं वाजवा."

ताई म्हणाली, "भांडण गाळलं तर राहिलं काय? नुसता गोंगाट. माफक कोण करणार?"

तिने ठरवलं की ज्या गावात कार्यक्रम, त्या गावच्या भाषेत भांडायचं. आणि शिकायचं ते पुस्तकातून नाही. सकाळी सभागृहात गेलं की तिथे काम करणारं कुणी तरी धरायचं, त्याच्यासमोर भावजींशी आपल्या भाषेत कडाकडा भांडून दाखवायचं आणि खुणेने विचारायचं, तुमच्या घरी हेच कसं म्हणतात? मग ते जे म्हणतील ते तसंच्या तसं उचलायचं, हातवाऱ्यांसकट. अर्थाच्या फंदात ती पडत नसे. म्हणायची, "अर्थ त्यांना ठाऊक आहे. मला सूर पुरे." तिचे कान असे होते की एकदा ऐकलेलं वाक्य ती श्वासासकट परत म्हणायची. मी रेडिओवर मोठमोठे गाणारे ऐकले, पण असे कान पुन्हा पाहिले नाहीत.

पहिल्या गावात तिला रखवालदाराने शिकवलं. लोक हसले, पण पाहुण्याच्या विनोदाला हसावं तसे. दुसऱ्या गावात तर कहर झाला. काय शिकलो देव जाणे, भांडण सुरू झाल्यावर मागच्या दोन रांगा उठून बाहेर गेल्या. त्यांना वाटलं मध्यंतर झालं.

दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या टेबलावर सुतळीने चहाचा कप बाजूला सारला. "वहिनी, राग मानू नका. पुढे मोठं शहर आहे. तिथले लोक मला विचारतायत की बाईंचं नक्की काम काय. उद्याच्या गावात भांडण चाललं तर ठीक. नाही चाललं तर तुम्ही तिथूनच घरी परता. टपाल गाईल. दौरा तरी वाचेल."

'माफक गोंगाट' ताईने उभा केला होता. शाळेतली कायमची नोकरी सोडून, दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांची बोलणी खाऊन. तिने लोण्याची सुरी खाली ठेवली.

टपाल म्हणाला, "मी गाऊ? शेजारच्या देशाने हल्ला केला असं समजतील लोक."

"थट्टा नाही ही," सुतळी म्हणाला.

भावजी पावाला लोणी लावत होते. मान वर न करता म्हणाले, "ती घरी गेली तर मी भांडू कुणाशी? मीपण जातो."

"तुम्ही राहायचं," ताई म्हणाली. "दौरा बुडवून मला उपकार नकोत. उद्याचं उद्या बघू."

तिसरं गाव लहान होतं, पण सभागृह देखणं. आम्ही पोचलो तेव्हा तिथे फक्त कोट सांभाळणारी बाई होती. दाराशी लाकडी फळी, मागे आकड्यांच्या रांगा, लोक आपापले कोट देऊन पितळी बिल्ला घेणार. बाई साठीची असेल, केस घट्ट बांधलेले, चेहरा कडक. ताईने तिलाच धरलं. भावजींशी नेहमीसारखी भांडली, बोट दाखवून विचारलं, तुमच्या घरी?

बाई आधी लाजली. मग फळीमागून बाहेर आली, कमरेवर हात ठेवले आणि भावजींकडे बघून ठणठणीत आवाजात चार-पाच वाक्यं बोलली. एका शब्दाला तळहात जमिनीकडे दाबला. शेवटचं वाक्य मात्र एकदम मऊ होतं. ताईने सगळं उचललं. मग भावजींच्या छातीला बोट लावून तिने विचारलं, आणि हे काय म्हणतात? बाईने मान हलवली. काही नाही. तो काही बोलत नाही. नुसता बघतो.

"आदर्श घर आहे," ताई म्हणाली.

"माणूस समजूतदार दिसतो," भावजी म्हणाले.

संध्याकाळी सभागृह भरलं. मिक्सरपाशी माझ्या शेजारी तिथला आवाजवाला बसला होता, गोल चेहऱ्याचा, गंभीर. आम्हा दोघांनाही एक तिसरीच भाषा मोडकीतोडकी येत होती, तेवढ्यावर आमचं भागत होतं. सुतळी दाराशी उभा होता, हाताची घडी घालून.

शेवटचं गाणं आलं. गिटार वाढली, ताई बुडाली, तिने हात वर केला. सगळं थांबलं. आणि तिने पहिलं वाक्य टाकलं.

मग पुढच्या रांगेत कुणी तरी फुसकन हसलं. दुसऱ्या वाक्याला बायकांचा एक घोळका किंचाळला. तिसऱ्याला पूर्ण सभागृह हलायला लागलं. माझ्या शेजारच्या गंभीर माणसाने कपाळ थेट मिक्सरवर टेकलं.

मी त्याला कोपराने ढोसलं. "काय झालं? काय म्हणतेय ती?"

तो डोळे पुसत म्हणाला, "तोंडातलं टाक, म्हणाली. चप्पल सोड, म्हणाली. हे नवऱ्याला बोलत नाहीत. हे कुत्र्याला बोलतात."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. कोटवाल्या बाईच्या घरी दुसरं कुणी नव्हतंच. ती ज्याच्याशी भांडत होती तो चार पायांचा होता. ताईला यातलं काही ठाऊक नव्हतं. लोक आपल्या विनोदाला हसतायत की आपल्याला, हे तिला वरून कसं कळणार? आणि ती तिथे गडबडली, तर उद्या सकाळी तिची बॅग मलाच भरावी लागणार होती.

ती गडबडली नाही. ती थांबली. मान जरा तिरकी केली, आणि मला इतक्या लांबून दिसलं की ती ऐकतेय. कुठल्या शब्दाला हशा वर चढला, कुठल्याला रेंगाळला, हे ती मोजून घेत होती. मग तिने बरोबर तो एकच शब्द उचलला, तळहात दाबायचा तो. एकदा हळू म्हणाली. एकदा दटावून. तिसऱ्या खेपेला नुसता तळहात खाली.

भावजी तिच्याकडे बघत राहिले. उत्तर त्यांना दिलेलंच नव्हतं. तिच्या हाताबरोबर त्यांचे गुडघे हळूहळू वाकले आणि गिटारसकट ते जमिनीवर बसले.

सभागृहात जो आवाज झाला तो मी आजही सांगू शकत नाही. माझ्या मिक्सरवरचे काटे नाचत होते आणि वाद्य तर एकही वाजत नव्हतं. काय चाललंय ते बघायला टपाल ड्रममागून उठला. ताईने वळून त्याला तोच शब्द दिला. तो इतक्या घाईने बसला की स्टूल चुकलं आणि दिसेनासा झाला. मग मुका, ज्याने अकरा वर्षांत रंगमंचावर पापणीही हलवली नव्हती, कुणी न सांगता आपणहून बसला. ताई त्याच्याजवळ गेली, केसांवरून हात फिरवला आणि ते शेवटचं मऊ वाक्य त्याला म्हणाली.

"शहाणा माझा तो, म्हणाली," माझा शेजारी कसाबसा बोलला. तोवर माझ्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मग तिने माइक घेतला. तिघे जमिनीवर बसल्या बसल्या अगदी हळू वाजवू लागले आणि ती राहिलेलं कडवं आपल्या भाषेत गायली. एकालाही शब्द कळत नव्हता. कुणी खोकलं नाही.

नंतर कोटवाली बाई आमच्या खोलीशी आली. आवाजवाल्याने तिचं बोलणं सांगितलं. तिचा चेहरा रडवेला होता. "घरी कशी भांडतेस, असं तुम्ही विचारलंत. घरी मी आणि तोच असतो."

"मग तुम्ही बरोबरच शिकवलंत," ताई म्हणाली, आणि तिला स्वतःच्या खुर्चीत बसवलं.

सुतळी बाहेर ताटकळत होता. "वहिनी, मानलं तुम्हाला. मोठ्या शहरात हेच करा. कुत्रंच करा."

"ते इथलं आहे. तिथे तिथलं कुणी तरी शोधू."

"आणि नाही जमलं तर?"

"तर तू गा."

मोठ्या शहरात तिला शाळेच्या बसचा चालक भेटला. तिथेही लोक हसले. इतके नाही, पण हसले. सुतळीने परत घरी जायची गोष्ट काढली नाही.

आता कुणाचं काय झालं ते सांगते. सुतळी पुढे मोठमोठ्या मंडळींचे दौरे बांधू लागला, पण दर वर्षी ताईला फोन करून विचारायचा, भांडण कसं आहे. टपालने दोन हॉटेलं काढली, दोन्ही बुडाली, तिसरं चाललं. मुका लग्न करून समुद्रकाठच्या एका गावात राहिला. बायको भरपूर बोलते असं ऐकलं. कोटवाल्या बाईला शोधायला आम्ही चार वर्षांनी त्या गावी पुन्हा गेलो, तर ती नोकरी सोडून गेली होती आणि पत्ता कुणाला माहीत नव्हता. भावजींना जाऊन नऊ वर्षं झाली. शेवटच्या आजारात डॉक्टरांशीही ताईच त्यांच्या वतीने भांडायची.

ताई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, माझ्याजवळ असते. तिने आणखी एकवीस वर्षं गायलं. मग एका वर्षी तालमीला टपालची मुलगी आली होती, ती गाता गाता टपालवरच खेकसली आणि लगेच सुरात परत आली. ताईने तिला जवळ बोलावलं, माइकची उंची तिच्या मापाने केली आणि माझ्या शेजारी मिक्सरपाशी येऊन बसली. सुतळीसह सगळ्यांनी विनवण्या केल्या. ती म्हणाली, आता मला इथून ऐकायचंय.