पाच मुठी मीठ

बोनकोडे गावातल्या माहेरच्या घरामागे आंब्याचं एकच झाड उरलं होतं आणि त्यावर विमलबाईचा हक्क होता. कागदावरचा नव्हे. कागदावर तिने वीस वर्षांपूर्वीच सही करून दिली होती, की सरकारने घेतलेल्या बापाच्या जमिनीपोटी मिळालेल्या प्लॉटवर माझा काही दावा नाही, भावासाठी खुशीने सोडते. आपल्याकडे बहिणी खुशीनेच सोडतात. खुशी आहे का, हे कोणी विचारत नाही, सही कुठे करायची तेवढं दाखवतात. त्या दिवशी तिच्या भावाला, देवजीला, थोडं ओशाळल्यासारखं झालं असावं. "तुला काय पायजे ते माग," तो म्हणाला. विमलबाईने झाडाकडे बोट केलं. लोणच्याचे आंबे माझे, दर वर्षी मी येणार आणि मीच घालणार. देवजीने चारचौघांत "दिले" म्हटलं.

तेव्हापासून चैत्र संपत आला की ती उरणजवळच्या आपल्या गावाहून दोन दिवस राहायला यायची. झाडाच्या कैऱ्या उतरवून घ्यायची, धुवायची, पंच्याने एकेक पुसायची आणि अख्ख्याच्या अख्ख्या मिठाच्या पाण्यात घालायची. हे खारातले आंबे. एक बरणी भावाची, एक तिची. पावसाळ्यात मासळी बंद झाली की सुकटीच्या कालवणात त्यातलीच फोड पडायची, आणि ती खाताना देवजी न चुकता म्हणायचा, आईच्या हातचं हाय.

खरं सांगायचं तर तिला आंब्यांची एवढी पडली नव्हती. कैऱ्या उरणच्या बाजारातही ढिगाने मिळतात. पण नवरा गेल्यापासून तिला नुसतं ‘विमल’ म्हणणारं माणूस जगात एकच उरलं होतं, आणि ते बोनकोड्यात राहत होतं. सासरी ती कोणाची आई, कोणाची काकी. माहेरी दोन दिवस ती विमल असायची. ते दोन दिवस त्या झाडाला टांगलेले होते.

यंदा पाडवा झाला आणि जागृतीचा फोन आला. जागृती म्हणजे देवजीची सून, रूपेशची बायको. पोरगी शिकलेली, बोलायला गोड.

"आत्या, यंदा तुमी एवढ्या लांबून येऊ नका. ट्रेन बदला, रिक्षा करा, तुमचा गुडघा पण दुखतो. मी करते ना. तुमी फक्त माप सांगा, मी वहीत लिहून घेते."

विमलबाईला पुढचं दिसलं. माप एकदा वहीत गेलं की पुढच्या वर्षी कोण बोलावणार? हिला कसला आलाय माझ्या गुडघ्याचा पुळका. गेल्या चैत्राआधी घराला नव्या टाइल्स बसवल्या तेव्हापासून ही माझ्या पायांकडे बघते, पायपुसण्यावर पाय पुसले की नाही ते. जागृतीच्या मनात तसं होतं की नव्हतं, देव जाणे. विमलबाई मात्र टाइल्सच्या दिवसापासून तिच्यावर खार खाऊन होती, आणि खार खाल्लेल्या माणसाला प्रेमाचं बोलणंही टोचतं.

"लिही," ती म्हणाली. "कलशीभर पानी. उकलून गार करायचं. त्यात मीठ, जाडं. पाच मुठी."

"पाच मुठी," जागृतीने लिहिलं. "बस?"

"बस."

माप पाच ओंजळींचं होतं. विमलबाईचा बाप मिठागरात राबलेला, त्या घरात मीठ मुठीने कोणी घेतलंच नव्हतं. दोन्ही हात जोडून भरभरून घ्यायचं, पाच वेळा. मग त्या पाण्यात कच्चं अंडं सोडून बघायचं, तरंगलं तर खार जमला. अंड्याचंही ती बोलली नाही. फोन ठेवल्यावर क्षणभर तिला वाईट वाटलं. मग तिने स्वतःची समजूत घातली. नासली बरणी तर नासू दे, घरात काही कमी नाही. नासली की झक मारत बोलावतील.

बरणी नासली. बाराव्या दिवशी झाकण उघडलं तर पाण्यावर पांढरी बुरशी, कैऱ्या लिबलिबीत, आणि वास असा की रूपेशने ती घराबाहेर नेऊन ओतली. शेजारच्या वेणूबाई लगेच येऊन नाकाला पदर लावून बघून गेल्या. लोणचं नासलं की बायकांच्या तोंडी एकच शब्द येतो: हात. हिच्या हाताला गुण नाही, हिच्या हाताने घरात काही टिकायचं नाही. दोन दिवसांत ही गोष्ट आळीभर झाली. जागृती दोन वेळा जेवली नाही म्हणे.

हे सगळं विमलबाईला नंतर कळलं. तिला आला तो देवजीचा फोन, आणि देवजी एवढंच बोलला, "विमल, उद्या ये. आंबं उतरवलेत. सगलं तुजं."

ती मनात हसली. सूनबाई, तिला वाटलं, आलीस ना वाटेवर. मुलाला, प्रीतमला, तिने सांगून टाकलं की दोन दिवस नाही मी. ठेवणीतलं लुगडं काढलं, जाड्या मिठाची पिशवी काखोटीला मारली आणि सकाळची गाडी धरली. नेरूळला गाडी बदलताना गुडघा ठणकला, पण त्याच्याकडे तिने लक्ष दिलं नाही.

घराला वळसा घालून ती मागे गेली तेव्हा तिला आधी कळेचना की काय चुकलंय. मागे ऊन फार होतं. शेजारच्या इमारतीची खिडकी, खिडकीतले वाळत घातलेले कपडे, सगळं लख्ख दिसत होतं. मग खाली बघितलं तर बुंधा. भोवती लाकडाचा भुसा, आणि पडवीत गुडघाभर उंचीचा कैऱ्यांचा ढीग.

"कापलं?" ती म्हणाली.

देवजी खुर्चीत बसला होता. "रूपेश दोन वर्सं मागं लागला व्हता, गाडी लावाला जागा पायजे म्हनून. परवानगीचा कागद आनून ठेवलावता. मीच नाय म्हनत व्हतो, विमलचा वाटा हाय म्हनून." तो थांबला. "पन फल नासाला लागलं. लोक सुनेच्या हाताला नावं ठेवाला लागलं. मी सगल्यांना सांगितलं, पोरीचा हात नाय वाईट, झाडच म्हातारं झालं. असं बोलल्यावर मंग झाड ठेवू कसं?"

विमलबाई पायरीवर बसली. एक कैरी उचलून तिने दाताने तोडली. करकरीत, आंबट, दात आंबवणारी. झाडाला काही झालेलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. देवजीला वाटलं झाडासाठी आलं, आणि तो मान फिरवून रूपेशवर उगाच डाफरला.

काहीतरी करायला हवं होतं, नाहीतर ती तिथेच ओरडली असती. म्हणून ती उठली, कामाला लागली. जागृतीने पाणी उकळून गार करून ठेवलं होतं, कळशीही घासून ठेवली होती. कैऱ्या पुसायला तीही येऊन बसली. पोरीचे डोळे सुजलेले होते. बाजूला वही होती.

"आत्या, माझं काय चुकलं ते मला आज बघायचंय," ती हळूच म्हणाली. "तुमी करा, मी बघते."

विमलबाईने ऐकलं की नाही कोण जाणे. तिच्या डोक्यात तो बुंधा होता. हात आपलं काम करत होते, चाळीस वर्षांची सवय होती त्यांना. पिशवी उघडली. दोन्ही हात जोडले. मीठ काठोकाठ भरलं, कळशीत सोडलं. एक. पुन्हा दोन्ही हात. दोन. तीन.

"आत्या," जागृती म्हणाली, "ही मूठ नाही."

विमलबाईचे जोडलेले हात पिशवीतच राहिले.

"ही ओंजळ आहे." जागृतीने वही उचलून उघडली, परत बघितली, जणू स्वतःचंच अक्षर चुकलं असेल. "मी मुठी लिहिल्यात. तुमी मुठी सांगितलं. ‘बस?’ म्हणून मी विचारलंही होतं."

"ऐकताना चुकली असशील," विमलबाई म्हणाली. आवाज तिचा तिलाच खोटा वाटला.

जागृतीने वही तशीच उघडी धरली. तिने सासऱ्याकडे बघितलं.

देवजीही त्याच मिठागराच्या घरातला. आईच्या ओंजळी त्यानेही मोजलेल्या. तो खुर्चीतून उठला, कळशीपाशी आला, आत बघितलं, मग बहिणीकडे बघितलं. ती आता काहीतरी बोलेल म्हणून तो थांबला होता. निदान एवढं म्हणेल की दादा, चुकून झालं. विमलबाईला म्हणायचं होतं की मला यायचं होतं रे, बाकी काही नाही, फक्त यायचं होतं. पण ती जेवढा वेळ गप्प राहिली तेवढ्यात त्याला सगळं कळून चुकलं.

"रूपेश," देवजी म्हणाला, "गोनी आन. दोन आन."

रूपेश आणि देवजीने मिळून ढीग गोण्यांत भरला. खाली निसटून पडलेली कैरीसुद्धा देवजीने वाकून उचलली, आत टाकली. एकही मागे ठेवली नाही. जागृतीने चहा टाकू का विचारलं, तर त्याने नुसता हात हलवला. रिक्षा आली. गोण्या पायाशी घातल्या, विमलबाईला हाताला धरून बसवलं, तिचा पदर आत सारला.

"तुजा वाटा पुरा दिला," तो म्हणाला. "आता काय बाकी नाय."

"दादा," विमलबाई म्हणाली.

देवजी तोवर घरात गेला होता.