काट्यावर चपलांसकट

कच्चं गाजर खाताना जबडा दुखतो.

शिडीला चौदा पायऱ्या.

नणंदेचा फोन : "वहिनी, डबा पाठवू?"

८०.

ओला कागद कोरड्यासारखाच दिसतो. हात आत घालेपर्यंत.

हे सगळं एकाच बाईचं. कागद गिरणीच्या फाटकापाशी ती वजनकाट्यावर बसते. रद्दीचे ट्रक अठरा मीटरच्या लोखंडी पाटावर उभे राहतात, ती आकडा वाचते, पावती फाडते. पाणी मारून वजन वाढवलेली रद्दी पकडायची तर शिडीने वर चढून गठ्ठ्यांत हात खुपसावा लागतो. तेही तिचंच काम. मार्चमध्ये गुडघ्याने दगा दिला. तेव्हापासून साहेबांचा माणूस वर चढतो आणि ती खाली बसून त्याचं "कोरडं!" लिहून घेते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चौऱ्याऐंशी आहात. दहा किलो उतरवा, गुडघा कुरकुर थांबवेल."

साहेब म्हणाले, "तीन महिने देतो. नाही चढलात तर काटा दुसऱ्याकडे. तुम्ही पाकिटं चिकटवा."

पाकिटं! सतरा वर्षं काटा सांभाळून!

नणंद बारीक व्हायची पावडर विकायची. एका डब्याच्या किमतीत घरातल्या चौघांचा आठवडा निघाला असता.

"आधी तू पिऊन बारीक हो," बाई म्हणाली, "मग मला पाज."

पंधरा दिवस फोन बंद. तोही फायदाच.

भिजवलेली कडधान्यं. कोबी. दोन उकडलेली अंडी. बाजार उठताना मिळणारी वाकडी गाजरं. चहातली साखर गेली, चहा राहिला.

नवऱ्याने ताटाकडे पाहिलं. "आपण ससा पाळलाय का?"

"पाळलाय. घोरतो तो."

चालायला वेगळी जागा नाही, वेळ नाही. म्हणून दोन ट्रकच्या मधल्या वेळात पाटावरच. अठरा मीटर जा, अठरा मीटर ये. खिडकीवरचे लाल अंक तिच्याकडे बघत :

८०.

ट्रकचा काटा तो. दहाच्या पटीतच बोलतो. पंच्याहत्तर काय नि चौऱ्याऐंशी काय, त्याला सगळी ऐंशीच.

एक महिना. ८०.

"काटेताई, काटा अडकलाय!" ड्रायव्हर ओरडायचे.

"काटा बरोबर आहे. तुमच्या गाडीचा हॉर्न अडकलाय, तो बघा."

दोन महिने. ८०.

"काट्यावर सहल काढलीत?" साहेब.

"गाडी आली की उतरते. तुम्हीही या साहेब, रांग नाहीये."

साहेबांनी पोट आत घेतलं आणि ते निघून गेले.

शेवटचा दिवस. सहा ड्रायव्हर चहा अर्धा सोडून आले. साहेब दारात. बाई पाटावर उभी राहिली.

८०. ७०. ८०. ७०. अंक बिथरले. ८०.

"ऐंशी," साहेब म्हणाले. "पाकिटं."

"चपला काढा ताई!" निळ्या ट्रकवाला ओरडला. "सत्तर होतील, पैज!"

"तुझी गाडी मी कधी टायर काढून तोललीय का रे?"

सगळे हसले. निळ्या ट्रकवाला सगळ्यांत मोठ्याने.

"आणि साहेब," ती म्हणाली, "बोली शिडीची होती. आकड्याची नव्हती."

तिने शिडी उचलली आणि जवळ उभ्या असलेल्या गाडीला लावली. निळ्या.

"ती नको!" साहेब पुढे झाले. "ती तपासून झालीय."

"मी कुठे तपासलीय?"

निळ्या ट्रकवाल्याचं हसू बंद पडलं.

तीन. चार. सातव्या पायरीवर गुडघा बोलला. "तू गप," ती त्याला म्हणाली, मोठ्याने, सहा ड्रायव्हरांसमोर. अकरा. तेरावी थोडी हलते, सतरा वर्षांपासून हलते. चौदा.

वरचे गठ्ठे कोरडे. ती गुडघे टेकून बसली. हो, त्याच गुडघ्यावर. दोन गठ्ठ्यांच्या फटीत तिने हात कोपरापर्यंत खुपसला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि मग बाहेर काढून सगळ्यांना दिसेल असा उंच धरला.

कोपरावरून पाणी ठिबकत होतं.

मार्चपासून त्या दिवसापर्यंत गिरणीत एकही गाडी ओली निघाली नव्हती.