राखून ठेवलेला ठोका

मी शाळेचा टोल बोलतोय. पितळेची जाड थाळी, वर भोक, भोकात दोरी. रूप नाही, आवाज खणखणीत. गोड बोलणं मला जमत नाही, आधीच सांगतो.

माझी एक बहीण आहे. ओतारी तोच, रस तोच. ती घंटा होऊन समोरच्या प्रार्थनाघरात गेली, मी इथं सरकारी शाळेच्या व्हरांड्यात. तिच्यापुढे लोक डोळे मिटून उभे राहायचे. मला पाहून पोरं तोंडं वाकडी करायची. तिला रोज घासणं-पुसणं, माझ्यावर बोटभर धूळ. जळफळाट नाही होणार? वस्तीतली सगळी पोरं गोळा करायची मी, आणि मान तिला!

शिपाई सकाळी दहा ठोके द्यायचा. नऊ भराभर. दहावा राखून ठेवायचा. शिंप्याची मुलगी धाकट्या भावाला आजीकडे सोडून धापा टाकत यायची. ती आत आली की मग दहावा.

"चल गं बये, हात भरून आला माझा!"

"आजी बोलतच बसली, काका!"

कुणाच्या घरी कुठला देव, हे कधी निघालंच नाही.

मग नवे हेडसर आले. प्रार्थनाघरातली प्रार्थना त्यांनी शाळेत रोजची केली. तिची वेळ मी सांगायची. मला घासून लखलखीत केलं. पोरं माझ्यापुढे हात जोडू लागली. खोटं कशाला बोलू, मी फुगलो. म्हटलं, बघा ताईसाहेब, आता कोण मोठं!

"ज्यांचा धर्म वेगळा, त्यांनी तेवढा वेळ फाटकाबाहेर थांबावं. जबरदस्ती नाही," हेडसर म्हणाले.

पहिल्या दिवशी शिपायानं नऊ ठोके दिले आणि हात उगारून थांबला. जुनी सवय. शिंप्याची मुलगी त्या दिवशी कधी नव्हे ती वेळेत आलेली. दप्तर छातीशी धरून फाटकाबाहेर उभी.

"वाजवा की! कुणाची वाट बघताय?"

"पोर बाहेर आहे, साहेब."

"ती बाहेरच थांबणार आहे."

"मग टोल कशाला? टोल झाला की आत यायचं, एवढंच शिकवलंय मी पोरांना."

दहावा ठोका हेडसरांनी स्वतः मारला.

दुसऱ्या दिवशी शिपायानं फाटकाजवळच्या झाडाला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगला. प्रार्थनेला माझ्यावर नऊच ठोके देतो, आणि ती संपली की वर्गासाठीचा दहावा त्या तुकड्यावर. गंजका, बेसूर, ना घर ना घराणं. पण दहावा ठोका आता त्याचा! शिंप्याची मुलगी त्याच ठोक्यावर आत येते. तोवर पुढचे बाक भरलेले असतात. पोरीला लांबचं दिसत नाही. मागं बसून ती शेजारणीच्या वहीत बघून लिहिते.

बहिणीचा हेवा कधीच विरला. आता जळतो तो त्या गंजक्यावर.

शिपायबाबा, देवाची वेळ सांगायला समोर माझी बहीण आहे. तिचं काम तिला करू दे. माझ्यावर धूळ बसू दे, पोरांना तोंडं वाकडी करू दे. फक्त माझा दहावा ठोका मला परत दे. पोर आत आल्यावरचा.