निम्मं बी

“एकही नर फूल ठेवलं नाहीत? सगळी खुडलीत?” शेजारच्या सिस्टर गच्चीच्या कठड्यावरून वाकून म्हणाल्या. त्या रिटायर झाल्या तरी आवाज अजून वॉर्डातलाच होता.

पाण्याचे पंप दुरुस्त करणाऱ्या पंपवाल्याने मान खाली घातली. “मला वाटलं, ज्याला फळ धरत नाही ते उगाच वेलाची ताकद खातं. म्हणून रोज खुडत गेलो.”

“कमाल आहे, भाऊ! मग मादी फुलाला पराग कोण देणार? तुमची मोटार?”

भोपळ्याच्या वेलावर आज पहिलं मादी फूल उमललं होतं, बुडाशी लिंबाएवढा भोपळा घेऊन. दहापर्यंत ते मिटणार. पराग मिळाला नाही, तर तो इवला भोपळा पिवळा पडून गळणार. नऊ वाजत आले होते.

वेल बायकोच्या बियांचा होता. वीस वर्षं ती दरसाल एका भोपळ्याचं बी राखेत घोळवून जपायची. ती गेली तेव्हा डब्यात नऊ बिया होत्या. त्याने पाणी घालघालून आठ कुजवल्या. उरलेल्या एकीतून आलेल्या या वेलाचीही पानं खालून वाळत चालली होती. दुसरं मादी फूल येईलच, असा भरवसा नव्हता.

“माझ्या वेलाचं फूल देते,” सिस्टर म्हणाल्या. “पण त्याची जात वेगळी. यंदाचा भोपळा वहिनींच्या भोपळ्यासारखाच होईल, बी मात्र दोन्हींचं मिश्र निघेल.”

“म्हणजे तिचं बी माझ्या हातून संपलं.”

“निम्मं राहील की हो.”

त्याने मुलीला फोन लावला.

“बाबा? काय झालं? बरे आहात ना?” तिचा आवाज घाबरा झाला.

त्याने सगळं सांगितलं.

“बाबा, मी तरी आईची किती आहे? निम्मीच ना?”

“नाक तिचं. हट्ट माझा.”

“मग थांबलात कशाला?”

त्याने सिस्टरनी दिलेल्या फुलाच्या पाकळ्या सोलल्या, मधली पिवळी दांडी मोकळी केली आणि मादी फुलात टेकवली.

“हळू! वॉशर बसवताय का?”

श्वास रोखून त्याने ती दांडी हलकेच गोल फिरवली. पिवळी पूड आत चिकटली. धरेल की गळेल, ते चार दिवसांनी कळणार होतं.

खिशातला फोन वाजला. गिऱ्हाईक होतं.

“अहो, पंप बंद पडलाय. टाकी कोरडी आहे. लगेच या.”

बायको दवाखान्यात शेवटचा आठवडा काढत होती, तेव्हाही अशा फोनला तो कधी नाही म्हणाला नव्हता.

“आज नाही जमणार,” तो म्हणाला. “घरी काम आहे.”

आणि फुलावर आपली सावली पडेल असा सरकून बसला.